समतोल म्हणजे समता नव्हे

मागणी आणि पुरवठा यांना मोकळे सोडले की बाजार समतोलास येतो, असे आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्यातून, जे स्थिरावले ते न्याय्यही असणार, असा समज नकळत रुजतो. समतोलाची ही कल्पना अर्थशास्त्राने पदार्थविज्ञानाकडून उसनी घेतली. तेव्हा मूळ घरी तिचा अर्थ काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेहून वेगाने फिरतात, हे व्हेरा रुबिन यांच्या 1970 नंतरच्या निरीक्षणांनी ठळक झाले. दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे विशाल आवरण असावे, असे त्यावरून बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. हे आवरण स्थिरावते कसे? बंद भांड्यातील वायूचे कण एकमेकांवर आदळून उष्णता वाटून घेतात. कृष्णद्रव्याचे कण मात्र जवळजवळ आदळतच नाहीत. डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी 1967 साली याचा एक मार्ग दाखविला. द्रव्य स्वतःच्या भाराने कोसळताना सामूहिक गुरुत्वाकर्षणच जोराने हेलकावते आणि त्या हेलकाव्यांत प्रत्येक कणाची ऊर्जा बदलते. हेलकावे शमले की ही उलथापालथही थांबते; बहुधा ती पूर्ण होण्यापूर्वीच. कण फिरतच राहतात, रचना मात्र टिकते : केंद्र दाट, कडा विरळ, आणि आरंभीच्या परिस्थितीची खूण कायम.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व पुढे पुण्याच्या 'आयुका'त काम केलेल्या थानू पद्मनाभन यांनी अशा गुरुत्वबद्ध समूहांच्या गणिताचा 1990 साली विस्तृत आढावा घेतला. हे समूह ऊर्जा गमावून थंड होण्याऐवजी तापू शकतात. अंतिम समतोल त्यांना सहसा लाभत नाही.

माणसे म्हणजे कण नव्हेत, हे मान्य. तरीही पेण-रोह्याकडे पाहताना हा धडा आठवावा. पेणच्या गणेशमूर्ती मुंबईला जातात, रोह्याजवळ धाटावला कारखाने आहेत. परंतु भांडवल व निर्णय यांची ओढ महानगराकडेच. ही घडीही स्थिर दिसते. मात्र ती समान वाटणीतून नव्हे, तर जुन्या उलथापालथीतून बसलेली आहे. कणांना आपली घडी बदलता येत नाही. शासनाला व नागरिकांना येते. म्हणूनच 'बाजार आपोआप स्थिरावेल' हे उत्तर कोणी दिले, तर 'कोणाच्या बाजूने?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण सोडता कामा नये.