दाव्यातील शब्द आणि वैद्याचा योग

घोडनदीकाठच्या शिरूरला काय किंवा भीमाकाठच्या दौंडला काय, चिकित्सा करणाऱ्या वैद्यबंधूंच्या मनात एक शंका असतेच : आपल्या घराण्यातील योगावर उद्या दुसऱ्याच कोणी पेटंट घेतले तर? याचे उत्तर शोधण्यासाठी पेटंटचा दावा कसा वाचतात, हे जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पेटंटच्या लेखात आधी शोधाचे सविस्तर वर्णन असते व शेवटी क्रमवार दावे असतात. हक्काची सीमा दावे ठरवितात. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितले, की प्रथम वर्णन वाचून शोध समजून घ्यावा आणि मग दाव्याकडे वळावे. ही रीत आपणांस परकी नाही. सुश्रुतसंहितेतील ३२ व चरकसंहितेतील ३६ तंत्रयुक्ती वचनाचा अर्थ संदर्भाने लावण्यासाठीच आहेत.

परंतु एक भेद मोलाचा आहे. योगात वनस्पतीचे अंग सांगितले नसेल तर मूळ घ्यावे, प्रमाण सांगितले नसेल तर समभाग घ्यावे, अशी शार्ङ्गधराची परिभाषा आहे. दाव्यातील असे मौन न्यायालय मालकाच्या सोयीने भरून देत नाही. जे मागितले नाही, ते सोडले असेच धरले जाते.

शब्दांचे हे महत्त्व आपल्याच जिल्ह्यातील आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या खटल्यात दिसले. दोन स्पार्क प्लगांच्या इंजिनाच्या पेटंटात तीन झडपांचे इंजिन मोडते काय, हा तेथील वादाचा एक मुद्दा होता. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ साली टीव्हीएस कंपनीस तात्पुरती मनाई केली. २००९ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती उठविली.

हळदीचे प्रकरण न्यायालयात नव्हे, अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात निकालात निघाले. पण धडा तोच. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळालेल्या पेटंटात हळदीचे चूर्ण परिणामकारक मात्रेत देऊन व्रण भरून आणण्याच्या पद्धतीवर दावा होता. विशेष कल्प नाही, संस्कार नाही, नुसती हळद! दावा इतका व्यापक, की जुन्या ग्रंथांतील साधे उल्लेखही त्यास बाधक ठरले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ३२ संदर्भ सादर केले आणि १९९७ साली दावे फेटाळले गेले. तेथील फेरतपासणीत छापील पुरावाच ग्राह्य होता. आजीबाईच्या बटव्याची साक्ष चालली नसती.

आपल्या कायद्यात २००३ पासून पारंपरिक ज्ञान, तसेच ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांची नुसती बेरीज, पेटंटयोग्य नाही. समाजातील मौखिक ज्ञानाच्या आधारेही येथे अर्जास विरोध करता येतो. तरीही लेखी नोंदीइतका आधार दुसरा नाही.

म्हणून वैद्यबंधूंना आमची विनंती, की परंपरेने आलेला योग घटक, अंग, प्रमाण, संस्कार व दिनांक यांसह लिहून प्रसिद्ध करावा. स्वतः काही खरोखर नवे साधले असेल, तर मात्र अर्ज करण्यापूर्वी ते छापू नये. कारण आपलाच लेख आपल्या नावीन्यास बाधक ठरू शकतो. आणि अर्जातील दावा लिहिताना अनुक्त काही ठेवू नये.