इन्फ्लुएन्झाच्या औषधरोधी विषाणूंवरील पहारा

सन 2008 च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस नॉर्वेत त्या हिवाळ्यातील एच1एन1 या इन्फ्लुएन्झा विषाणूच्या 16 नमुन्यांची तपासणी झाली, आणि त्यांपैकी 12 नमुने ऑसेल्टामिविर, म्हणजे बाजारात टॅमिफ्लू या नावाने प्रसिद्ध असलेल्या औषधाला दाद देत नाहीत असे आढळताच ती खबर विनाविलंब जागतिक आरोग्य संघटनेच्या दप्तरी रुजू झाली. ज्यांच्याकडून हे नमुने घेतले त्या रुग्णांचा ज्वर, खोकला वा अंगदुखी इतरांहून निराळी नव्हती, आणि केवळ रुग्णाची नाडी पाहून कोणत्याही निष्णात वैद्यास हा पालट ओळखता आला नसता. जे कळले ते, हा रोग नेहमीचाच म्हणून दुर्लक्ष न करता नमुने तपासत राहिलेल्या प्रयोगशाळांमुळे कळले.

या घटनेचे मर्म ध्यानी येण्यासाठी औषधाचे कार्य पाहिले पाहिजे. विषाणू श्वसनमार्गातील पेशीत शिरून आपल्या असंख्य प्रती निर्माण करतो. परंतु हे नवे कण बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावरील सियालिक आम्लाला चिकटून राहतात, आणि तो बंध तोडण्याचे काम विषाणूच्याच अंगावरील न्यूरामिनिडेज नावाचे विकर करते. या विकराची त्रिमितीय रचना ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1983 मध्ये उलगडली, तिच्यातील खाचेत नेमके बसून विकराचे कार्य रोखतील अशी द्रव्ये रसायनशास्त्रज्ञांनी घडविली, आणि 1999 मध्ये झानामिविर व ऑसेल्टामिविर ही दोन औषधे वापरात आली. नॉर्वेतील विषाणूंत या विकराच्या 275 व्या स्थानावरील हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या जागी टायरोसीन आले होते. एवढ्या अल्प फरकाने ऑसेल्टामिविरला त्या खाचेत नीट बसता येईना, झानामिविर मात्र पूर्ववत लागू पडत होते.

जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाने आपले लिखाण पुन्हा ताडून पाहिले नाही, तर प्रत्येक प्रतीत एखादा नवा अपपाठ शिरतो, तसेच इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे आहे. त्याच्या आरएनएची प्रत काढणाऱ्या यंत्रणेला झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय नसते. यांतील बहुतेक चुका विषाणूला निरुपयोगी वा घातक ठरतात. 275 व्या स्थानावरील हा बदलही प्रयोगशाळेत विषाणूला दुर्बल करीत असे, आणि म्हणून तो समाजात फैलावणार नाही असा तज्ज्ञांचा बहुतांशी समज होता. हा समज का फसला याचे उत्तर 2010 मध्ये जेसी ब्लूम, लिझी गाँग आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी डेव्हिड बाल्टिमोर यांनी दिले: विषाणूत त्यापूर्वीच अन्य काही फेरफार होऊन न्यूरामिनिडेजचा पेशीपृष्ठावरील पुरवठा वाढला होता, त्यामुळे नव्या बदलाने येणारी दुर्बलता भरून निघाली आणि औषधरोधी विषाणू औषधाला वश असलेल्या भावंडांइतकाच समर्थ झाला. नॉर्वेत या औषधाचा वापर अत्यल्प होता. उलट ज्या जपानात त्याचा खप जगात सर्वांत मोठा होता, तेथे त्या हंगामात असे विषाणू क्वचितच आढळले. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते, की औषध जपून वापरणे हे कर्तव्य असले तरी तेवढ्याने निर्धास्त राहता येत नाही.

पुढच्याच हिवाळ्यात अमेरिकेतील हंगामी एच1एन1 विषाणू जवळजवळ सर्वच्या सर्व ऑसेल्टामिविरला न जुमानणारे झाले. 2009 साली अवतरलेल्या महासाथीच्या नव्या एच1एन1 विषाणूने या जुन्या वंशाला हुसकावून लावले आणि तो नवा विषाणू ऑसेल्टामिविरला वश होता, हा केवळ दैवयोग होय. त्याआधीच्या औषधाला असे दैव लाभले नाही. अमेरिकेत 1966 पासून मान्यता असलेले अमँटाडीन हे औषध विषाणूच्या एम2 नामक प्रथिनावर चालते. 2005-06 च्या हंगामात तेथील एच3एन2 विषाणूंपैकी सुमारे 92 टक्के त्याला दाद देईनासे झाले, तेव्हा जानेवारी 2006 मध्ये ते फ्लूसाठी देऊ नये असा सल्ला सरकारी यंत्रणेस द्यावा लागला. महासाथीचा नवा विषाणू तर या औषधाला जन्मतःच दाद देत नव्हता.

हा पहारा दोन मार्गांनी चालतो. पहिल्या मार्गात विषाणू वाढवून त्याच्या न्यूरामिनिडेजला प्रकाशमान होणारे द्रव्य देतात आणि विकराचे कार्य निम्म्यावर आणण्यास औषधाची किती तीव्रता लागते ते मोजतात. इन्फ्लुएन्झा-ए विषाणूच्या बाबतीत ही तीव्रता नेहमीच्या 10 ते 100 पट लागली तर औषधाचा प्रभाव घटला, आणि 100 पटींहून अधिक लागली तर तो अत्यंत घटला, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. बी विषाणूसाठी हेच आकडे 5 व 50 असे धरतात. दुसरा मार्ग जनुकक्रम वाचण्याचा. तो शीघ्र खरा, परंतु ज्या बदलांचा अर्थ आधीच ठाऊक आहे तेवढेच तो निश्चयाने सांगू शकतो, आणि अपरिचित बदलाचा निवाडा करण्यास पहिल्या मार्गाकडेच वळावे लागते.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंवर लक्ष ठेवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1952 साली देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, तेच 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते आणि या जाळ्यातील भारताचे राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्र म्हणून काम पाहते. ऑगस्ट 2009 मध्ये महासाथीचा देशातील पहिला बळी पुण्यातच गेला आणि तपासणीसाठी लोकांच्या रांगा लागल्या, तेव्हा या संस्थेचे नाव घरोघरी पोहोचले. भय ओसरल्यावर त्या रांगा सरल्या. पण आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्यात येणारा फ्लू कोणत्या वंशाचा आहे व कोणत्या औषधाला वश आहे हे पाहण्याचे काम प्रत्येक वर्षी करावेच लागते.

ते का करावे लागते याचे दाखले 2009 नंतरही मिळाले आहेत. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल परिसरात आणि 2013-14 च्या हिवाळ्यात जपानातील साप्पोरो येथे महासाथीच्याच वंशातील औषधरोधी विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे पसरले. 2018 मध्ये जपानात प्रथम मान्यता मिळालेले बॅलॉक्झाविर हे विषाणूच्या पीए प्रथिनावर आघात करणारे औषध. एका डोसात काम साधणारे म्हणून त्याचे स्वागत झाले, परंतु ते घेतलेल्या लहान मुलांच्या चाचणीत पंचमांशाहून अधिक मुलांच्या विषाणूंत त्याचा प्रभाव घटविणारा बदल आढळला. औषधांची संख्या वाढली म्हणून निगराणीची गरज कमी होत नाही. उलट प्रत्येक नव्या औषधाबरोबर लक्ष ठेवण्याचे आणखी एक स्थान वाढते.

अशा कामाला यशाचा गाजावाजा नसतो. शंभर नमुने तपासून सर्व औषधांना वश आहेत अशी नोंद झाली, तर ती बातमी ठरत नाही. तरीही त्याच नोंदीच्या आधारावर डॉक्टर पहिल्या 48 तासांत निःशंकपणे औषध सुरू करू शकतो. म्हणून सरकारने या प्रयोगशाळांची तरतूद साथ ओसरताच कमी करू नये. गंभीर वा दीर्घकाळ न हटणाऱ्या फ्लूच्या रुग्णाचा, विशेषतः ज्याची रोगप्रतिकारशक्ती क्षीण आहे त्याचा, स्वॅब डॉक्टरांनी आळस न करता तपासणीस पाठवावा. आणि वाचकांनी ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत, घेतल्यास ठरलेले दिवस पूर्ण करावेत, आणि स्वॅब मागितला गेला तर तो कुरकुर न करता द्यावा, कारण त्या नमुन्यातून मिळणारी माहिती पुढच्या हंगामातील अनोळखी रुग्णांच्या उपयोगी पडणार आहे.