मुलाखतीचं बोलावणं आलं, तिकीट काढायचं का?



आजचा विषय आपल्या गटांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा निघतो. फैजपूर, सावदा, यावल, रावेर भागातल्या मुली आता शिकल्या. कुणी धनाजी नाना महाविद्यालयातून पदवी घेतली, कुणी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, कुणी नर्सिंग, कुणी आयटीआय. मोबाईलवरून अर्ज जातात आणि एके दिवशी फोन येतो, "परवा सकाळी दहाला पुण्याला मुलाखतीला या." पुणे आपल्यापासून चारशे किलोमीटरच्या वर. घरात लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, संधी दाराशी आली, जाऊ द्या. दुसरी म्हणते, एवढ्या लांब कशाला, नोकरीची खात्री कुठं आहे? रात्रभर वाद होतो आणि सकाळी जो मोठ्यानं बोलतो त्याचं खरं होतं.

या वादात एक काम राहून जातं. ज्यांनी बोलावलं, त्यांना उलट फोन करून कुणी काही विचारतच नाही. म्हणून आज एवढंच बघू, की तिकीट काढायच्या आधी काय विचारायचं आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ कसा लावायचा.

बोलावणं कोणत्या फेरीचं?

मुलाखत म्हटली की आपल्याला वाटतं, साहेब समोर बसणार, चार प्रश्न विचारणार आणि हो की नाही सांगणार. खाजगी कंपन्यांत बऱ्याचदा दोन-तीन फेऱ्या असतात. पहिली फेरी चाळणीची. नाव, शिक्षण, बोलणं कसं आहे, पगाराची अपेक्षा किती, रुजू कधी होणार, एवढं विचारतात. पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. ही फेरी घेणाऱ्याच्या हातात नोकरी देणं सहसा नसतं. पुढं पाठवायचं की नाही, एवढंच तो ठरवतो. दुसरी फेरी कामाची. जिच्या हाताखाली काम करायचं ती व्यक्ती तपासून बघते. शेवटची फेरी पगाराची आणि रुजू होण्याची.

आणखी एक प्रकार आहे, थेट मुलाखतीचा. त्याला वॉक-इन म्हणतात. जाहिरात येते, अमुक तारखेला कागदपत्रं घेऊन या. तिथं तुमच्या मुलीला नावानं बोलावलेलं नसतं. जागा पाच असतील आणि रांगेत दोनशे मुलं असू शकतात.

अंतर तेच चारशे किलोमीटर. पण शेवटच्या फेरीसाठी ते कापणं वेगळं आणि चाळणीसाठी कापणं वेगळं.

खर्च फक्त पैशांचा नसतो

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी अशीच एका कंपनीत पहिल्या फेरीला गेली. ताईंनी उसने पैसे घेतले, भाऊ कामाचे दोन खाडे करून सोबत गेला. रात्रभर प्रवास, मग तीन तास बाहेर बसणं आणि मुलाखत सात मिनिटांची. जे अर्जात लिहिलं होतं तेच विचारलं. "कळवतो" म्हणाले, कळवलं नाही. दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं. या वेळी फोनवर एक फेरी झालेली होती, म्हणजे हे बोलावणं खरंच जाण्यासारखं होतं. पण घरचे म्हणाले, "मागच्या वेळी काय झालं ते पाहिलं ना?" मुलगी गेली नाही.

यातली गोम लक्षात घ्या. पहिल्या फेरीत पैसे तर गेलेच, त्याबरोबर घरची परवानगीही खर्च झाली. पैसे दोन महिन्यांत पुन्हा जमतात. आपल्याकडे मुलीला परवानगी पुन्हा मिळायला फार वेळ लागतो. तसं नसायला हवं, त्यावर पुढं बोलूच. पण आज ते तसं आहे, म्हणून चाळणीच्या फेरीवर ती उधळायची नाही.

पैशांचा हिशेबही कागदावर मांडा. समजा, पुण्याचं एसटीचं पूर्ण तिकीट ७०० रुपये धरलं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे, म्हणजे मुलीचे ३५०. भाऊ सोबत गेला तर त्याचे ७००. जाऊन-येऊन २,१०० झाले. तीच मुलगी आईसोबत गेली तर १,४००. वर रिक्षा, जेवण, राहावं लागलं तर खोली, आणि बुडालेली मजुरी. ही सगळी बेरीज पहिल्या महिन्याच्या पगाराशेजारी ठेवून बघा. एक ध्यानात ठेवा, एसटीची ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. सुरत किंवा इंदूरला जायचं असेल तर हद्दीपुढचं भाडं पूर्ण लागेल.

फोनवर काय विचारायचं?

बऱ्याच मुलींना भीती वाटते, विचारलं तर राग येईल, नाव कापतील. बायांनो, व्यापारी बागेत आला की आपण आधी भाव विचारतो ना? बोर्डाचा भाव किती निघाला हे कळल्याशिवाय केळीचा घड कुणी कापू देत नाही. त्यात व्यापाऱ्याचा अपमान होत नाही. इथंही तसंच. नीट, आदरानं विचारलं तर कामाची माणसं उत्तर देतात. मुलीनं स्वतःच फोन करावा, वडिलांनी किंवा भावानं नको. कंपनीला तिचंच बोलणं ऐकायचं आहे.

विचारायच्या गोष्टी पाच:

१. ही कितवी फेरी आहे आणि पुढं किती फेऱ्या आहेत?

२. ही फेरी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर घेता येईल का?

३. पद कोणतं, कामाचं ठिकाण कोणतं, पगार साधारण किती?

४. यायचंच असेल तर पुढची फेरी त्याच दिवशी घ्याल का? वेळ दुपारची मिळेल का?

५. प्रवासखर्च मिळतो का? पत्ता, वेळ आणि भेटायच्या माणसाचं नाव ईमेलवर किंवा मेसेजवर लेखी पाठवाल का?

बोलायचं कसं, तेही सांगतो. "सर, मी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरहून बोलते आहे. मला या कामात रस आहे. मी चारशे किलोमीटरवर आहे, म्हणून पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर झाली तर बरं होईल. पुढच्या फेरीला मी नक्की येईन." एवढं पुरे. रडगाणं नको आणि खोटं कारणही नको.

२०२० च्या कोरोनाकाळापासून व्हिडिओवरची मुलाखत ही रोजची गोष्ट झाली आहे. त्यामुळे हे मागणं आता कुणाला नवलाचं वाटत नाही. "नाही" म्हणाले तरी बिघडत नाही, जायचं की नाही हे ठरवायला तुमच्याकडे माहिती तर आली.

व्हिडिओवरची फेरी मिळाली तर ती घरात हलक्यानं घेऊ नका. वीज जाते, रेंज जाते, कुकरची शिट्टी होते. आदल्या दिवशी जागा ठरवा. कॉलेजात, ग्रामपंचायतीत किंवा ओळखीच्या सेतू केंद्रात तासभर बसायला मिळतं का ते विचारा. मोबाईल डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, उजेड तोंडावर येऊ द्या. शेजारच्या मैत्रिणीशी एकदा असा कॉल करून बघा.

कुठं अजिबात जायचं नाही?

काही बोलावणी नोकरीची नसतातच. त्यांची लक्षणं ओळखून ठेवा.

मुलाखतीच्या आधी नोंदणीचे, गणवेशाचे, ट्रेनिंगचे पैसे मागितले तर जाऊ नका. कामाचं नाव सांगत नाहीत, "आल्यावर कळेल" म्हणतात, तिथंही जाऊ नका. मुलाखत म्हणून बोलावून माल विकत घ्यायला आणि आणखी माणसं जोडायला सांगणारेही असतात. अशा साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी मनाई आहे. आपल्या भागातली मुलं-मुली असल्या ठिकाणी उसन्या पैशांनी अडकलेली आम्ही पाहिली आहेत.

सरकारी नोकरीच्या नावानंही फसवतात. "रेल्वेत शिपायाची जागा आहे, दिल्लीला मुलाखत आहे, साहेबांना भेटवतो," असं कुणी म्हणालं तर हे आठवा. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ड च्या, तसंच गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. तिथं परीक्षेचे गुण चालतात. मग मुलाखतीला बोलावणारा हा साहेब कोण? ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

कंपनी खरी आहे का हे बघायला कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधता येतं. त्याहून सोपं म्हणजे आपली माणसं. भोसरीत, चिंचवडला खानदेशातली कितीतरी कुटुंबं आहेत. पत्ता त्यांना पाठवा, येता-जाता बघून सांगतील.

कुठं जरूर जायचं?

फोनवर एक फेरी झाली आहे आणि पुढची कामाची किंवा शेवटची आहे, तर जा. हातानं काम करून दाखवायचं असेल, म्हणजे दवाखान्यातली परिचारिका, शिवणकाम, मशीनवरचं काम, तर ते मोबाईलवर दाखवता येत नाही, तिथंही जा. एकाच फेरीत दोन ठिकाणच्या मुलाखती जमत असतील तरी जाणं परवडतं.

"निदान अनुभव तरी मिळेल," असं काहीजणी म्हणतात. अनुभव हवाच. तो आधी जवळ घ्यावा. जळगावला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, त्यांच्यातर्फे रोजगार मेळावे होतात. एका दिवसात चार कंपन्यांपुढे बसायला मिळतं आणि संध्याकाळी मुलगी घरी येते. पहिल्या दोन-तीन मुलाखतींत जीभ अडखळायची ती तिथं अडखळू द्या.

यावल, रावेर, चोपड्याकडच्या सातपुड्यातल्या तडवी, पावरा घरच्या मुलींसाठी एक खास सांगणं. रेल्वे भरती मंडळाच्या संगणकावरच्या परीक्षेला लांबचं केंद्र आलं तर अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना स्लीपर वर्गाचा मोफत प्रवास पास असतो. अर्ज भरतानाच त्याची माहिती द्यावी लागते. तो रकाना रिकामा सोडू नका.

जायचं ठरलं तर

आपल्याला भुसावळ जंक्शन जवळ आहे, हे आपलं भाग्य. रात्री बसलं की सकाळी पुणे, मुंबई गाठता येते, खोलीचा खर्च वाचतो. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसच्या स्लीपर वर्गात महिलांसाठी सहा बर्थचा कोटा असतो, तिकीट काढताना तो मागा. स्टेशनवर महिलांच्या प्रतीक्षालयात आवरून घेता येतं. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी रेल्वे सुरक्षा दलाचं 'मेरी सहेली' पथक असतं. रेल्वेत अडचण आली तर १३९ आणि कुठंही संकट आलं तर ११२. हे दोन नंबर पाठ असू द्या, मोबाईलची बॅटरी संपते तेव्हा पाठच कामी येतात.

मूळ कागदपत्रं सोबत न्यावीत, दाखवावीत, पण ठेवून घेऊ देऊ नयेत. द्यायच्या त्या झेरॉक्स. परतीचं तिकीट आधीच काढा, म्हणजे उशीर झाला तर काय, हा घोर राहत नाही.

एकटीला पाठवायचं का?

आता राहिलेलं बोलू. मुलाला बोलावणं आलं तर आपण असा हिशेब करतो का? त्याच्या हातात पैसे देतो, "पोचल्यावर फोन कर" म्हणतो, आणि तो हात हलवत आला तर म्हणतो, "पुढच्या वेळी होईल." मुलीला तेवढंच वाक्य मिळालं तर तिची दुसरी मुलाखत पहिलीपेक्षा चांगली होते. वरचे पाच प्रश्न मुलालाही लागू आहेत. दोघांना एकच माप लावा.

आणखी एक. मुलगी उद्या तिथं नोकरी करणार असेल तर तिला तिथं राहायचंच आहे. मुलाखतीला एकटी जाऊ शकणार नाही म्हणणारं घर नोकरीला एकटं कसं ठेवणार? हा प्रश्न अर्ज करायच्या आधी घरात मिटवा. बोलावणं आल्यावर रात्रीतून तो मिटत नाही.

आणि गट कशासाठी आहे? आपण बियाण्याला, दवाखान्याला, लग्नाला अंतर्गत कर्ज देतो. मुलीच्या मुलाखतीच्या प्रवासाला का देऊ नये? गटात ठराव करा, की पाचही प्रश्न विचारून झाले असतील आणि फेरी पुढची असेल तर प्रवासापुरतं कर्ज लगेच द्यायचं. एक वहीही ठेवा. कोणती मुलगी कोणत्या कंपनीत गेली, कितवी फेरी होती, काय विचारलं, सांगितल्याप्रमाणे झालं का, खर्च किती आला. वर्षभरात त्या वहीत दहा नोंदी झाल्या तरी अकराव्या मुलीच्या घरी रात्रभर वाद घालायची गरज उरणार नाही.

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपुरात झालं. देशभरातून माणसं इतक्या आडगावी आली, ती काम ठरवून, कळवून आली. आपल्या लेकी आता इथून निघताहेत. त्यांनाही कुठं, कशासाठी आणि कुणाकडे जायचं हे ठाऊक असावं.

या महिन्याच्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा. ज्या घरात मुलगी अर्ज भरते आहे, तिथं ते लिहून भिंतीवर लावा.