देवाला जाब विचारणारं घर

हुबळीजवळच्या तारिहाळहून विजयपूरमार्गे पंढरीला निघालं की पंढरपूरच्या अलीकडे मंगळवेढं लागतं. ज्वारीसाठी नावाजलेलं गाव. बाराव्या शतकात इथे कलचुरी बिज्जळाचं राज्य होतं, आणि बसवण्णांनी त्याच्या पदरी इथेच हिशेबनीस म्हणून काम केलं अशी परंपरा आहे. पुढे याच गावात संत चोखामेळ्याचा, म्हणजे चोखोबांचा, संसार झाला.

महाराच्या वाट्याची कामं त्यांच्याही वाट्याला होती: मेलेली जनावरं ओढायची, गावकूस बांधायचं. पंढरपुरात देवळाची पायरी चढायला बंदी. बडव्यांनी मारल्याची तक्रार चोखोबांनी केली ती पाटलाकडे नव्हे, थेट विठ्ठलाकडे. त्यांच्या अभंगांत सोनंनाणं मागितलेलं नाही. धावून ये, एवढं मागणं आहे, आणि येत नाहीस म्हणून रागही आहे.

हे सगळं घरच तसं. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळेच अभंग रचणारे. सोयराबाई विटाळाचा प्रश्न मुळाशी नेतात: देहाची उत्पत्तीच विटाळातून, मग सोवळा कोण? कर्ममेळा सर्वांत कडवट. हीन जातीत जन्माला घालून उष्ट्यावर जगवलंस, याची लाज तुलाच वाटायला हवी, असा त्याचा सूर. चोखोबा मात्र कधी कधी नमतात आणि आपल्या जन्माचं कारण पूर्वकर्मात शोधतात. प्रामाणिकपणा मोजायचाच झाला, तर इथे मुलगा बापाच्या पुढे गेला असं म्हणावं लागेल.

आणि तरीही याला कोणी नास्तिकपणा म्हटलं नाही. रुसवा असतो तो आपल्या माणसाशी. परक्याशी कोण रुसतं? वारकऱ्यांनी हे अभंग गाथ्यात ठेवले, फडांवर गायले. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांतही दुर्जनांची भरभराट पाहून देवाला 'अजून किती काळ?' असं विचारणारी स्तोत्रं बरीच आहेत.

१३३८ साली मंगळवेढ्यात गावकूस बांधताना ते कोसळलं आणि इतर मजुरांसोबत चोखोबाही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या. विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकून त्या ओळखल्या, ही आख्यायिका. समाधी बांधली ती देवळाबाहेर, महाद्वाराशी.

अस्पृश्यांसाठी त्या देवळाचं दार उघडायला त्यानंतर सहाशे नऊ वर्षं लागली, आणि तेही नुसत्या आळवणीने उघडलं नाही. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभलं. ते १० मेला सुटलं. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला.

चोखोबांची समाधी आजही बाहेरच आहे, नामदेव पायरीसमोर. तिथे माथा टेकून मगच वारकरी आत जातो.