तिथी पाहा आणि केळशीला चला

आपल्या जामबागेतली बरीच कुटुंबं सुट्टीत कोकणात जातात. पण तिथे पोहोचल्यावर घराचे दोन गट पडतात. तरुण मंडळी गड चढायला निघतात आणि आजी-आजोबा खोलीवर किंवा गाडीत बसून त्यांची वाट बघतात. या हिवाळ्यात आमच्या घरचा बेत वेगळा आहे. सहा वर्षांची लेक आणि गुडघेदुखीची आई, दोघींनी एकाच वाटेनं चालायचं. आईला डॉक्टरांनी सपाटीवर चालायची मोकळीक दिली आहे, पण चढण आणि जिने बंद आहेत. शोधत शोधत मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, केळशीला येऊन थांबलो.

वाट कशी आहे?

केळशीचा किनारा अडीच-तीन किलोमीटर लांब आणि सरळ आहे. दक्षिणेला उटंबरचा डोंगर आणि महालक्ष्मीचं जुनं मंदिर, उत्तरेला भारजा नदीची खाडी. खाडीच्या तोंडाशी केळशीची प्रसिद्ध वाळूची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला आणि ती त्सुनामीमुळे तयार झाली असावी, असं मत मांडलं.

मंदिराच्या बाजूनं निघून टेकडीपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, म्हणजे साधारण पाच-सहा किलोमीटर होतात. आजींना एवढं नको असेल तर अर्ध्यावरून वळायचं. सरळ किनाऱ्यावर कुठूनही मागे फिरता येतं, ही मोठी सोय आहे.

खरं वेळापत्रक समुद्राचं

ही वाट सोपी की अवघड, हे भरती-ओहोटीवर ठरतं. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, तिच्यावर गुडघ्यांना त्रास होत नाही. भरतीला तीच पाण्याखाली जाते आणि आपल्याला वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून पाय ओढत चालावं लागतं. तिथे तरुणही दमतात.

हैदराबादेत वाढलेल्या आपल्याला समुद्राची वेळ कशी कळणार? उत्तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच आहे. कोकणात जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे सूत्र तपासल्याशिवाय राहवलं नाही. चंद्र रोज उशिरा येतो आणि महिनाभरात एक फेरी पूर्ण होते. चोवीस तास तीस तिथींत वाटले की प्रत्येक तिथीला 48 मिनिटं येतात. आपल्या पूर्वजांची पाऊण तास म्हणजे 45. तोंडी हिशेबाला यापेक्षा जास्त काय हवं!

तरी हा अंदाजच आहे, तासाभराचा फरक पडू शकतो. बेत तिथीवर ठरवा, पण निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक इंटरनेटवर जरूर बघा आणि गावकऱ्यांनाही विचारा. आणि हे सूत्र कोकण किनाऱ्याचं आहे. बापटल्याजवळच्या सूर्यलंकेला जाताना ते वापरू नका, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते.

सकाळी चालायचं तर तृतीया ते पंचमी चांगली. सात वाजता निघून साडेनऊपर्यंत, ऊन चढायच्या आत, परत येता येतं. संध्याकाळी चालायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्या घ्या. तेव्हा उधाण असतं, पाच-साडेपाचच्या सुमारास पाणी खूप मागे जातं आणि सूर्यास्तही मिळतो. मात्र उधाणाची भरतीही तितकीच वर येते. म्हणून अंधार पडायच्या आत परत फिरायचंच.

मुलांना काय दाखवाल?

वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल आणि 'रावणाच्या मिशा' नावाचं काटेरी गवत. ही झाडं उडती वाळू धरून ठेवतात. त्यांची मुळं तुटली की वाळू वाऱ्यावर जाते, म्हणून टेकडीच्या उतारावरून घसरगुंडी खेळू देऊ नका. मुलं रुसतील, पण कारण सांगितलं की ऐकतात.

खाडीकडे वळलं की खाजण लागतं. भरतीचं खारं पाणी जिथे शिरतं, तिथे तिवरांची झाडं आणि खारं गवत वाढतं. हिवाळ्यात चिखलावर तुतवार आणि चिखल्या हे पाहुणे पक्षी चरताना दिसतात. हे सगळं काठावरूनच बघायचं. चिखलात पाय रुततो, आणि खाडीचं पाणी उथळ दिसलं तरी चालत ओलांडायचं नाही.

जायचं कसं?

नामपल्लीहून रेल्वेनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं खेड आणि पुढे दापोलीमार्गे गाडीनं केळशी. ज्येष्ठांना सलग प्रवास झेपत नसेल तर मुंबईत एक मुक्काम करा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. टोपी, प्रत्येकी एक लिटर पाणी, पट्ट्याच्या चपला आणि आजींसाठी घडीची छोटी खुर्ची एवढं सामान पुरे. उस्मानिया बिस्किटांचा पुडा आपण नेतोच, फक्त रिकामा पुडा परत आणा.

आमची तारीख आईनंच काढली. लेकीला शेजारी बसवून तिनं कॅलेंडर उघडलं आणि तिथीची पाऊणपट तिच्याकडूनच करून घेतली. पौष शुद्ध चतुर्थी ठरली आहे. तुमच्या घरातही तिथी सांगणारं कुणीतरी असेल. पुढच्या सहलीची तारीख त्यांनाच काढू द्या, आणि चालायलाही त्यांना सोबत घ्या.