डुकराचं नाव, माणसाचा जंत

महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांत गोठ्यात गाय-बैल असतात, परसात कोंबड्या असतात. डुक्कर दिसलंच तर ते रानातलं, रात्री भाताच्या खाचरात धुडगूस घालून जाणारं. मग पाळीव डुकरांच्या फीतकृमीशी इथल्या तळीये गावच्या माणसाचा संबंध काय? संबंध असा, की हा जंत डुक्कर न पाळणाऱ्याच्या आणि आयुष्यात कधी न खाल्लेल्याच्याही मेंदूत जाऊन बसतो. त्यातूनच घरात कुणाला पहिल्यांदाच आकडी येते, आपण नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरतो, माणूस शुद्धीवर येतो आणि विषय तिथेच संपतो.

टिनिया सोलियम हे त्याचं शास्त्रीय नाव. पूर्ण वाढलेला कृमी माणसाच्या लहान आतड्यात राहतो, दोन-चार मीटर लांब होतो आणि वर्षानुवर्षं फारसा त्रासही देत नाही. त्याच्या शेपटीकडचे तुकडे शौचावाटे बाहेर पडतात, आणि एकेका तुकड्यात पन्नास हजारांच्या आसपास अंडी असू शकतात. ओल्या मातीत ही अंडी कित्येक महिने तग धरतात. मोकाट डुकराने ती विष्ठा खाल्ली की अळ्या त्याच्या रक्तातून स्नायूंत जातात आणि पाण्याने भरलेल्या बारक्या गाठी होऊन बसतात. ते मांस अर्धकच्चं खाल्लं की माणसाच्या आतड्यात नवा कृमी वाढतो.

इथवर डुकराला दोष देता येतो. पण हीच अंडी न धुतलेल्या हातातून, भाजीतून किंवा पाण्यातून थेट माणसाच्या पोटात गेली तर तो माणूस डुकराच्या जागी बसतो. गाठी त्याच्या स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत होतात. 1992 साली न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू कुटुंबांतल्या चार जणांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. डुक्कर त्यांना धर्मानेच वर्ज्य. तरी त्यांच्या मेंदूत याच अळ्या निघाल्या, आणि संशयाचा माग गेला लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामगारांच्या आतड्यांतल्या कृमींपर्यंत. माळकरी घरालाही म्हणूनच यातून सूट नाही.

आपल्याकडे हा रोग बराच काळ दुसऱ्याच नावाने वावरला. सीटी स्कॅन आलं तेव्हा आकडी येणाऱ्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच छोटी गाठ दिसू लागली. ती क्षयाची समजून महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठी काढून तपासल्या, आणि त्यांत फीतकृमीची अळी सापडली. हे 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे हा जंत ठाण मांडून आहे, अशा अनेक भागांत अपस्माराच्या साधारण तीस टक्के रुग्णांमागे त्याचा हात असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अळी जिवंत असेपर्यंत शरीराला चकवून गप्प बसते. मरायला लागली की भोवती सूज येते आणि मग आकडी. म्हणूनच मेंदूत गाठ असताना जंताची गोळी परस्पर दुकानातून आणून घेणं धोक्याचं. सूज आवरायची औषधं सोबत लागतात, ती डॉक्टरनेच ठरवायची.

गोव्यात जुन्या घरांमागे डुकराचा संडास असे. बसायच्या जागेखाली उतरती वाट, आणि तिच्या तोंडाशी डुक्कर वाट बघत उभं. जंताला याहून सोयीची व्यवस्था कोणी बांधून दिली नसती. ते संडास आता जवळपास गेलेच. चोरिस, म्हणजे डुकराचं सॉसेज, खाणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. मांस आतपर्यंत नीट शिजलं की अळी मरते. परवानगीशिवाय रानडुकराची शिकार कायद्याने गुन्हा आहे, तरी गुपचूप कुठे मडकं चढलंच, तर शिजवण्याचा नियम तिथेही तोच.

डुक्कर विकत घेणारे जाणते लोक आधी त्याची जीभ बघतात. जनावर आडवं पाडायचं, तोंडात काठी घालायची, फडक्याने जीभ ओढून तिच्या खालच्या बाजूने बोट फिरवायचं. दाण्यासारख्या गाठी लागल्या तर भाव पडतो किंवा सौदाच मोडतो. गाठी थोड्या असतील तर मात्र बोटाला काही लागत नाही, आणि असं डुक्कर दिसायला अगदी ठणठणीत असतं.

महाराष्ट्रात 2000 साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, पुढे उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला पहाटे फिरणारी गुड मॉर्निंग पथकं आली. लोकांनी त्यांची थट्टा केली, पण या जंताची साखळी तोडायची खरी जागा तीच होती. संडास नुसता बांधून भागत नाही, त्यात पाणी लागतं. 22 जुलै 2021 ला तळीयेवर दरड कोसळली, त्याच सुमारास महाड पुरात बुडालं. अशा वेळी माणसं दाटीने राहतात, तेव्हा घरांइतकीच मोजदाद चालू संडासांची आणि हात धुवायच्या पाण्याची व्हायला हवी.

डुकरांसाठी लसही आहे. ऑस्ट्रेलियात मार्शल लाइटोलर्स यांच्या संशोधनातून ती निघाली आणि हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ती बाजारात आणली. तिच्या जोडीला डुकराला ऑक्सफेंडाझोल पाजलं की आधीच्या गाठीही मरतात. अडचण पैशाची आहे. दोन-चार डुकरं पाळणाऱ्याने खर्च करायचा, त्याचं जनावर तर आजारी दिसत नाही, आणि फायदा होणार कुठल्या तरी परक्या घरातल्या पोराचा. तो का करील? लाळ्या-खुरकुताची लस सरकार फुकट टोचतं. त्याच फेरीत डुकरांना ही लसही फुकट टोचावी.