कोंबड्यांच्या पैदाशीचा प्रारंभ : उबवणीची अंडी घ्यावीत की जिवंत पक्षी?

कुक्कुटपालन हा शेतीस पूरक असा जोडधंदा असून तो अल्प भांडवलात सुरू करता येतो. मात्र पैदाशीसाठी कळप उभारताना प्रारंभीच एक निर्णय घ्यावा लागतो. उबवणीची अंडी आणावीत, एक दिवसाची पिले आणावीत, की वाढलेले पक्षी विकत घ्यावेत? केवळ किमतीकडे पाहून हा निर्णय घेतल्यास पुढे पस्तावण्याची वेळ येते. आपल्याजवळ साधने कोणती आहेत, प्रवास किती लांबचा आहे आणि रोगाचा धोका कोठून येतो, या तीन गोष्टींचा विचार आधी व्हावयास हवा.

प्रवासाचा विचार

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली वसलेली शाहूपुरी ही कोल्हापूरची जुनी व्यापारी पेठ होय. रेल्वे स्थानक व मध्यवर्ती बसस्थानक तिच्या लगतच आहेत. येथून भुदरगड, आजरा, चंदगड अथवा गगनबावड्याकडे अंडी न्यावयाची झाल्यास पुढील वाट डोंगराळ व वळणांची आहे. हादऱ्यांनी अंड्यातील हवेची पोकळी सुटी होते व उबवण घटते. म्हणून अंडी निमुळते टोक खाली करून भुशात किंवा पुठ्ठ्याच्या खाचांत घट्ट बसवावीत आणि उन्हापासून जपावीत. घरी आणल्यावर ती १२ ते २४ तास थंड जागी स्थिर ठेवून मगच उबवणीस बसवावीत.

एक दिवसाच्या पिलांना प्रवास अधिक सोसतो. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पिलाच्या पोटात ओढला जातो. त्यामुळे खाद्यपाण्याविना ते सुमारे दोन दिवस तग धरते. मात्र वाटेत ऊब व खेळती हवा ही दोन्ही हवीत.

अंड्यांचा खरा हिशेब

अंडी स्वस्त पडतात, परंतु प्रत्येक अंडे म्हणजे एक कोंबडी नव्हे. उदाहरणार्थ, खुडूक कोंबडीखाली १२ ताजी फलित अंडी ठेवली व त्यांतून ९ पिले निघाली असे धरू. आठ आठवड्यांपर्यंत त्यांतील एखादे दगावले तर ८ उरतील. त्यांत निम्मे नर असणार. म्हणजे १२ अंड्यांमागे तलंगा मिळाल्या चारच. प्रवासात अंडी हादरली व निम्मीच उबली, तर दोन-तीन तलंगांवर समाधान मानावे लागेल. शिवाय उबवणीचे २१ दिवस आणि त्यानंतर अंड्यावर येईपर्यंतचे पाच-सहा महिने, गावठी जातीत त्याहूनही अधिक काळ, खर्च चालूच राहतो.

अंडी निवडताना ती सात दिवसांहून जुनी नसावीत. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी, तडकलेली अथवा धुतलेली अंडी घेऊ नयेत. दुकानातील खाण्याची अंडी बहुधा नर नसलेल्या कळपातील असतात. ती फलित नसल्याने कितीही दिवस उबविली तरी त्यांतून पिलू निघत नाही.

मध्यम आकाराच्या गावठी कोंबडीखाली १० ते १२ अंडीच ठेवावीत. उबवणयंत्र वापरल्यास पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखावे. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेक वेळा फिरवावीत व नंतर फिरविणे बंद करून ओलावा वाढवावा. सातव्या दिवशी अंधारात विजेरीच्या उजेडापुढे अंडी धरून पाहावीत. ज्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसत नाही, ते अंडे काढून टाकावे.

रोगाचा धोका

वाढलेले पक्षी डोळ्यांनी पारखून घेता येतात व अंडीही लवकर मिळू लागतात. परंतु रोग आणण्याचा सर्वांत मोठा धोका त्यांतच आहे. आठवड्याच्या बाजारात अनेक गावांचे पक्षी एकत्र येतात. तेथे निरोगी दिसणारी कोंबडी मानमोडीचे विष घेऊन घरी येऊ शकते व काही दिवसांत सारे खुराडे रिकामे होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्लू आढळला, तेव्हा त्या परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

अंडी मात्र सर्वस्वी निर्धोक आहेत असे समजू नये. पुलोरम म्हणजे पांढरी हगवण, तसेच श्वसनाचे काही रोग आईकडून अंड्यावाटे पिलात उतरतात. म्हणून अंडी असोत वा पक्षी, मूळ कळप निरोगी असल्याची खात्री करावी.

पक्षी घेताना तुरा लाल, डोळे तेजस्वी, नाक कोरडे व गुदद्वाराजवळची पिसे स्वच्छ असावीत. नव्या पक्ष्यांना ३० दिवस निराळ्या जागी ठेवावे. त्यांना खाद्य-पाणी जुन्या कळपानंतर द्यावे.

जातीची निवड

हैदराबाद येथे विकसित झालेली वनराज किंवा बंगळूर येथे विकसित झालेली गिरिराज यांसारखे पक्षी परसातील पालनास उत्तम आहेत. परंतु ते संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांपासून निघालेल्या पुढील पिढीत आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. स्वतःची पैदास चालवावयाची असेल, तर झाबुआची कडकनाथ अथवा चांगली गावठी अशी शुद्ध वाणाची जात घ्यावी. आठ ते दहा माद्यांमागे एक नर ठेवावा व जवळच्या नात्यातील संकर टाळण्यासाठी वेळोवेळी नर बदलावा.

कोणी काय घ्यावे?

घरी खुडूक कोंबडी असून चार-सहा माद्यांपासून आरंभ करावयाचा असेल, तर जवळच्या विश्वासू कळपातील अंडी घ्यावीत. एकदम पन्नास-शंभर पक्षी हवे असून कृत्रिम दाईची, म्हणजे ऊब देण्याची सोय असेल, तर लस टोचलेली एक दिवसाची पिले सोयीची पडतात. त्यांस पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्यावी. वाढलेले पक्षी घ्यावयाचे झाल्यास एखाद्या उत्तम नरापुरते घ्यावेत, कारण एका नराचे गुण कळपातील सर्व पिलांत उतरतात.

कोल्हापूर येथे पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास खरेदीपूर्वीच तेथे अथवा नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावयास सांगावे. अंडी किंवा पिले आणण्याचा दिवस ठरण्याआधी खुराडे स्वच्छ करून चुना लावलेला असावा आणि लसीची तजवीज झालेली असावी.